माळ्यावरची खाडी

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मुलुंड पूर्वेत हे सांगितलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "बिल्डर भाडं किती देतोय?" माळ्याचं काय करणार, हे कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तोच असतो. पंचवीस वर्षांत आमच्या माळ्यावर काय काय चढलं होतं! दोन पितळी घंगाळं, पाळण्याचे सुटे गज, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, आणि सगळ्यात मागे, भिंतीला चिकटून, बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. झाकण गंजून बसलं होतं. चमच्याच्या टोकानं उचकटलं तर आत कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या, ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि माझं अक्षर: ०–२, २–४, ४–६, असं करत ५८–६०.

"आई, हे काय आहे?" स्टुलाखाली उभ्या असलेल्या मुलानं विचारलं.

"खाडी," मी म्हटलं.

म्हणजे खाडीचा चिखल. वाळलेला, खलात कुटलेला, चाळलेला. आकडे सेंटीमीटरचे. १९९८ सालच्या फेब्रुवारीत ठाण्याच्या खाडीतून मी तो काढून आणला होता. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करावा लागायचा आणि आमच्या बाईंनी मला विषय दिला होता, खाडीच्या गाळात खोलीनुसार पारा किती. माझ्या मैत्रिणींना आवळ्यातलं क जीवनसत्त्व आणि साबणाचा सामू असले कोरडे, सुटसुटीत विषय मिळाले. मला चिखल.

बाईंनी समजावलं होतं ते अजून आठवतं. गाळ रोज थोडा थोडा बसतो. कालच्यावर आजचा, आजच्यावर उद्याचा. पाण्याचा नमुना घेतलास तर तुला फक्त आज कळेल, आणि कारखानेवाले काही तू येणार त्या दिवशी घाण सोडत नाहीत. गाळाला मात्र तारीख टाळता येत नाही. पाइप सरळ खाली घाल आणि जितकं खोल जाशील तितकी मागे जाशील.

ऐकायला फारच सुंदर होतं.

अमावास्येची ओहोटी गाठायची म्हणून पहाटे होडी काढली. होडीवाल्या नाखव्याचं वय तेव्हा साठीच्या पुढे असेल. बरोबर मी, प्रयोगशाळेचा मदतनीस आणि दीड मीटर लांबीचा पीव्हीसीचा पाइप. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे ओहोटीला ठाण्याची खाडी म्हणजे मधे एक पाण्याची शिर आणि दोन्हीकडे तिवरांपर्यंत चकाकणारा चिखल. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मोठ्या उत्साहात उतरले आणि मांडीपर्यंत आत गेले. एक पाय काढायला दुसऱ्यावर भार दिला तर दुसरा आणखी खोल. नाखवा होडीत बसून शांतपणे बघत होता.

"उबी ऱ्हाव नको गो बाय, बस. चिखोल उभ्या मानसाला गिलतं, बसल्याला नाय."

बसले. चिखलात फतकल मारून बसलं की खरोखर माणूस तरंगतो. मग ढुंगणावर सरकत सरकत आम्ही जागा गाठली, पाइप उभा धरला आणि दाबला. वरचा वीतभर लोण्यात सुरी जावी तसा गेला, पुढचं अंगाचं वजन टाकून. वरच्या तोंडाला रबरी बूच घट्ट बसवलं, म्हणजे वर ओढताना आतला चिखल निसटत नाही. ओढला तेव्हा खाडीनं असा काही आवाज काढला की मदतनीस लाजला. मागोमाग वास. सडक्या अंड्यांचा, हायड्रोजन सल्फाइडचा. ज्यांनी मुलुंड-भांडुपच्या मिठागरांच्या कडेनं संध्याकाळी फेरफटका मारलाय त्यांना तो वास माहीत आहे. आम्हा इथल्या लोकांना तो वास घरचा वाटतो, पाहुणे मात्र खिडक्या लावतात.

"या चिखलान काय सोना सापरतं का?" नाखव्यानं विचारलं.

"पारा शोधतोय, नाखवा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मना म्हाईत हाय. वरचा तांबडा, मंग करडा, मंग काला. काल्याच्या खाली परत करडा. त्यो आमच्या बापाचा." एका साली सगळी बोईटं पोट वर करून तरंगली होती, तेही त्यानं सांगितलं. कुठलं साल ते त्याला सांगता येईना. धाकट्या मुलीचं लगीन झालं त्याच्या आदल्या पावसाआधी, एवढीच त्याची तारीख.

बोईटं मेली ती पाऱ्यानं नसणार. एका रात्रीत मासे मरतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून, नाहीतर कुणी आम्ल सोडतं म्हणून. पारा असा घाईनं मारत नाही.

आता गाळाला तारीख कशी कळते ते सांगायला हवं, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडलेला भाग तो आहे. खडकात, मातीत युरेनियम किंचित किंचित असतंच. त्याच्या साखळीत पुढे रेडॉन नावाचा वायू तयार होतो. वायूच तो, जमिनीतून निसटून हवेत जातो आणि थोड्याच दिवसांत विघटत विघटत त्याचं शिसं होतं, लेड-२१०. हे शिसं पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली येतं आणि गाळाच्या कणांना चिकटतं. किरणोत्सारी असल्यामुळे ते साधारण २२ वर्षांनी निम्मं होतं, आणखी २२ वर्षांनी पाव. नवा गाळ वर पडला की खालच्या थराला नवं शिसं मिळणं बंद, त्याचं घड्याळ तिथून सुरू. जितकं शिसं उरलेलं, तितका थर अलीकडचा. शे-सव्वाशे वर्षांपर्यंत हे घड्याळ चालतं, म्हणजे आपल्या आजीच्या आजीपर्यंत. पडताळा म्हणून सीझियम-१३७ असतं. ते निसर्गात नव्हतंच, अणुबाँबच्या उघड्या हवेतल्या चाचण्यांतून जगभर पसरलं. या चाचण्यांचा कळस १९६१-६२चा, त्यांची धूळ सर्वांत जास्त उतरली ती १९६३मध्ये. त्याच साली बंदीचा करार झाला आणि पाऊस पुन्हा निवळत गेला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही तळ्याच्या, खाडीच्या तळाशी १९६३ची एक खूण सापडू शकते. ज्या गावानं बाँब हा शब्द ऐकला नव्हता त्याच्या तळ्यातही.

आणि पारा? तो इथला नाहीच. भारतात पाऱ्याची खाण नाही. बोरघाटाच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करत येते, आंबिवलीकडून काळू येऊन तिला मिळते, ठाण्याजवळचा एक चिंचोळा फाटा तिला ठाण्याच्या खाडीशी जोडतो. पण या नद्यांनी आणलेल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या चुऱ्यात पारा असून नसल्यासारखाच. चिखलात तो मोजण्याइतका सापडला तर तो जहाजानं आला, कुणीतरी विकत घेतला आणि कुणीतरी सांडला, एवढं नक्की.

सांडला कुठे? थर्मामीटर, ट्यूबलाइट, रक्तदाबाची यंत्रं, दातातली चांदी हे सगळं आहेच. १९२७पासून खाडीकाठी पडत आलेला देवनारचा कचरा आहे. पण मोठा वाटा मिठाचा. हसू येईल, पण खरंच मिठाचा. साबण, कागद, रेयॉनचं कापड या सगळ्यांना कॉस्टिक सोडा लागतो आणि तो मिठाच्या पाण्यात वीज सोडून करतात. १८९०च्या दशकात युरोपात एक पद्धत निघाली, तिच्यात हौदाच्या तळाशी पाऱ्याचा पातळ थर वाहता ठेवतात. वरून मिठाचं पाणी, मधे वीज. क्लोरीन वर उडतो, सोडियम पाऱ्यात विरघळतो. हा सोडियमवाला पारा दुसऱ्या भांड्यात पाण्याला भेटवला की सोडियम सुटून कॉस्टिक होतं आणि पारा मोकळा होऊन पुन्हा पहिल्या हौदात. कागदावर पाहिलं तर पारा कधीच खर्च होत नाही, नुसता फिरत राहतो. लग्नातल्या वाढप्यासारखा, सगळ्यांना वाढतो, स्वतः काही घेत नाही. पण असल्या हौदांच्या रांगाच्या रांगा, एकेका हौदात टनानं पारा, तो थोडा वाफ होऊन जातो, थोडा हायड्रोजनबरोबर, थोडा मिठाच्या गाळात, थोडा लादीच्या फटीत, आणि लादी धुतली की नाल्यात. दरवर्षी नवा पारा विकत आणावा लागायचा, यातच सगळं आलं.

साठच्या दशकात एमआयडीसी आली, ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. तिकडे कल्याणच्या पुढे रेयॉनचे कारखाने. अशी कॉस्टिकची युनिटं दोन्हीकडे होती, एक खाडीच्या अंगाला, एक नदीच्या.

आमच्या जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा खाडीपलीकडच्या अशाच एका कारखान्यात होते. कुठल्या, त्याला आता महत्त्व नाही. तेव्हा ऐरोलीचा पूल नव्हता, समोर दिसणाऱ्या कारखान्यात पोचायला ठाणे-कळवा असा वळसा घालावा लागायचा. "सेल हाऊसला आहे," असं अण्णा सांगत आणि आम्हाला वाटे, सेल म्हणजे बॅटरीचे. पाऱ्याच्या त्या हौदांच्या दालनाला सेल हाऊस म्हणतात, हे पुढे कळलं. एका दिवाळीत त्यांनी आम्हा पोरांसाठी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या इवल्या बाटलीतून पारा आणला. आम्ही तो स्टीलच्या ताटात ओतला. काय ती मजा! बोट लावलं की शंभर थेंब, ताट कलतं केलं की सगळे धावत जाऊन एक. बाटली दिसायला एवढीशी, उचलली तर हाताला खाली ओढायची. पाण्याच्या साडेतेरापट जड.

ताट सांडलं, सांडायचंच होतं. आईनं पोरांना ओरडत लादीवरचे थेंब बोटांनी गोळा केले आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की तिची सोन्याची अंगठी पांढरी पडलीय. अगदी चांदीसारखी. आई रडायचीच बाकी होती. माझं बोट धरून तिनं सोनाराचं दुकान गाठलं. गल्ल्याच्या कडेला माझं नाक जेमतेम पोचत होतं. सोनारानं अंगठी बघितली, हसला, चिमट्यात धरून शेगडीवर धरली आणि फुंकणीनं जाळ मारला. माझ्या डोळ्यांदेखत पांढरेपण गेलं आणि पिवळं परत आलं, थोडं खरबरीत.

"पारा उडाला, वहिनी. घ्या."

मी वर बघितलं, कुठे उडाला ते दिसतंय का म्हणून. छताला लटकलेला पिवळा बल्ब आणि लक्ष्मीचं कॅलेंडर. पुढे शिकले तेव्हा कळलं की उडालेला पारा हवेत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही राहतो आणि मग केव्हातरी, कुठेतरी, पावसाबरोबर उतरतो. त्या सोनाराच्या फुफ्फुसात किती उतरला असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते. अण्णांचे हात म्हातारपणी थरथरायचे. त्याचं कारण पाराच होतं असं मी म्हणणार नाही, म्हाताऱ्यांचे हात थरथरतात. पण त्यांचे थरथरायला लागले तेव्हा ते पन्नाशीतच होते.

आणि आपण तरी काय मोठे सावध होतो? वर्षाचे गहू-तांदूळ भरले की आमच्याकडे कोठीत पाऱ्याच्या गोळ्या पडायच्या, किडे होऊ नयेत म्हणून. तांदूळ निवडताना करड्या रंगाची गोळी हाताला लागली की ती बाजूला काढून परत कोठीत टाकायचं काम माझं होतं.

जपानमध्ये मिनामाता नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथल्या मांजरी नाचायला लागल्या, फिट येऊन समुद्रात पडायला लागल्या. मग माणसांची बोटं बधिर झाली, बोलणं अडखळलं, नजर आकसली. १९५६च्या १ मेला या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. कारखाना खाडीत सांडपाणी सोडत होता आणि त्यातला पारा मिथिलपारा होता, म्हणजे कार्बनाची शेपटी लागलेला. साधा पारा गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. ही शेपटी लागली की तो अंगात मुरतो, मेंदूत जातो, गर्भाची वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. मिनामाताच्या कारखान्याचं हे पाऱ्याचं सांडपाणी १९६८पर्यंत चालू राहिलं. त्याच १९५६ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या खाडीच्या काठावर, तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला, अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. वर्तमानपत्रांनी अर्थातच तीच बातमी छापली असणार.

आमच्याकडच्या कारखान्यांतून सुटला तो साधा पारा. मग काळजी कशाला? काळजी चिखलाची. ज्या थरात प्राणवायू नसतो तिथे काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. सडक्या अंड्यांचा तो वास त्यांचाच. आणि साध्या पाऱ्याला मिथिलची शेपटी लावणारेही त्यांच्यातलेच. पण त्याच वासाच्या गंधकाशी पारा जोडला गेला तर मात्र तो घट्ट बांधला जातो, काळा, न विरघळणारा. हे वाचलं तेव्हा मी चमकले होते. आमच्या आजोबांच्या खलात वैद्यबुवा हेच करत. पारा आणि गंधक घेऊन तासन्‌तास घोटायचे, चकाकी पूर्ण मरेपर्यंत, आणि जी काळी पूड व्हायची तिला म्हणायचे कज्जली. आपली खाडी गेली साठ वर्षं कज्जली घोटत बसलीय. तेच जिवाणू, तोच गंधक. एका हातानं पाऱ्याला बांधतात, दुसऱ्या हातानं त्याला सोडून देतात. कुठल्या क्षणी कुठला हात चालेल, ते चिखल किती हवेशी आहे, कुजका पाला किती आहे, उन्हाळा किती आहे, यावर.

तर प्रयोगशाळा. पाइप उभा करून खालून दट्ट्यानं चिखल वर ढकलायचा, दोन सेंटीमीटर बाहेर आला की नायलॉनच्या दोऱ्यानं कापायचा. अळूवडीचा उंडा दोऱ्यानं कापतात तसाच. धातूची सुरी चालत नाही. भट्टीत कडक वाळवूनही चालत नाही, पारा उडून जायचा. सोनाराकडे पाहिलं होतंच. मंद आचेवर, सावकाश. मग आम्लात शिजवायचं, त्यात स्टॅनस क्लोराइड घातलं की पारा पुन्हा मूळ रूपात येऊन वाफ होतो आणि त्या वाफेतून २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश सोडून किती अडला ते मोजायचं. मला हे काम इतकं आवडायचं की मी डबा खायलाही उठत नसे. अर्थात त्या हातांनी डबा खाऊ नये हेही होतंच.

एकेक चकती कापत होते. तांबूस, मग करडी, मग काळी. नाखव्यानं सांगितलं तशीच. वीस सेंटीमीटरच्या खाली गेल्यावर काळ्या चकतीत कडेला एक गोल दिसला, रुपयाएवढा, तांबूस, मऊ चिखलानं भरलेला. पुढच्या चकतीतही. त्याच्या पुढच्याही, थोडा सरकलेला. असा तो तिरका तिरका उतरत पार चौतिसाव्या सेंटीमीटरपर्यंत गेला होता आणि तिथे, काळ्या चिखलाच्या खोलीत, कवचाचा एक तुकडा होता.

चिंबोरीचं बीळ.

वरचा ताजा चिखल बिळातून खाली गेला होता आणि खणलेला जुना चिखल चिंबोरीनं वर आणून टाकला होता. कॉलेजात लेड-२१० मोजायची सोय नव्हती, बाईंनी ओळखीनं बाहेरून मोजून आणलं. उतरता आलेख यायला हवा होता. आला तो आडवा, वरपासून पस्तिशीपर्यंत जवळजवळ सपाट. म्हणजे घड्याळ कुणीतरी ढवळून टाकलेलं. पाऱ्याचे आकडेही वर-खाली नाचत होते, कुठला कुठल्या सालचा सांगता येईना. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध चाळला, आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातून निष्कर्ष काय?"

"खेकडा होता, सर," मी म्हटलं.

ते इतके हसले की बाईंनाही हसावं लागलं. गुण बरे मिळाले. पुन्हा पाइप घालायला वेळ नव्हता, परीक्षा तोंडावर होती. ज्यांनी हे काम नीट, वर्षानुवर्षं केलं त्यांची कामं आहेत. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावरचा शोधनिबंध १९८१ सालीच छापून आला होता. २००३ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या गाळावर लिहिलं. आतल्या भागातल्या गाळात पारा कसा साठलाय आणि त्याचा माग कॉस्टिकच्या कारखान्यांकडे कसा जातो ते त्यात आहे. माझं नाव कुठेच नाही, असायचं कारणही नाही.

पण ते बीळ डोक्यातून गेलं नाही. बाईंनी मला सांगितलेला गाळ म्हणजे मोडी दस्तांचा रुमाल होता, बांधून फडताळात ठेवलेला. मला सापडला तो गाळ कुणीतरी राहतं घर म्हणून वापरत होतं. निवट्या त्यात उड्या मारतात, चिंबोऱ्या भुयारं खणतात, कालवं त्याच्या काठाला धरून बसतात, तिवरांची मुळं त्यात श्वास सोडतात. त्यातलं निम्मं संध्याकाळी बाजारात येतं, सुतळीनं नांग्या बांधून. मी ज्या थराला तारीख लावू बघत होते तो थर कुणाच्या तरी कालवणात गेला होता.

२००३ साली मला दिवस गेले तेव्हा मी खाडीची मासळी बंद केली. सासूबाईंना सांगितलं, वास सहन होत नाही. त्यांना ते पटलं आणि मला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, कारण चिंबोरीच्या रश्श्याचा वास मला तेव्हाही सहन होत होता, चांगलाच होत होता. मिथिलपारा अंगातून निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, एवढं मला माहीत होतं. पोटात येण्याआधीचं काय, याचा हिशेब मात्र करायचा राहिला होता.

मुलगा वर्षाचा व्हायच्या आत जावळ काढलं. आत्याच्या ओटीत केस पडत होते आणि मी बघत होते ते भलतंच. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, वाढताना रक्तातला पारा आत बांधून घेतो. म्हणजे केसाचा पाइपच की. आणि जावळ तर पोटातलं. त्यात, टोकाकडे, माझ्या शेवटच्या काही महिन्यांचा हिशेब होता. एक बट मी मुठीत धरली होती. यंत्र कुठे आहे, कुणाला सांगायचं, सगळं माहीत होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळे केस दे, राहू द्यायचे नसतात." मी मूठ उघडली. रीतीप्रमाणे जावळ वाहत्या पाण्यात सोडलं. आमच्याकडे वाहतं पाणी म्हणजे खाडीच.

त्याच २००३ साली सरकार आणि कारखानदार यांच्यात एक सनद झाली, तिच्यात पाऱ्याचे हौद बंद करायचं ठरलं, आणि पुढच्या दशकभरात देशभरची युनिटं एकेक करून पारा न लागणाऱ्या, पडद्यांच्या नव्या पद्धतीवर गेली. २०१३मध्ये मिनामाताच्या नावानं जागतिक करार झाला, २०१७मध्ये तो लागू झाला, भारतानं २०१८मध्ये त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. उशीर झाला असं म्हणता येईल, पण जे झालं ते चांगलं झालं.

खाडीचंही नशीब पालटलं. २०१५मध्ये रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य, जवळजवळ १७ चौरस किलोमीटर. २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ. आता ऐरोलीहून होडीतून पक्षी दाखवतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो होतो. गुलाबी थवे डोकी उलटी करून चिखलातलं शेवाळ गाळून खात होते आणि होडीतली सगळी माणसं पक्ष्यांकडे बघत होती. मी त्यांच्या पायांखाली बघत होते. सोबतच्या मार्गदर्शक मुलानं सुरेख माहिती दिली, चिखलाबद्दल एक अक्षर नाही. मी काही बोलले नाही. सुट्टीच्या दिवशी लोक पोरांना घेऊन आलेत, त्यांच्यात उठून पारा-पारा करणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

शिवाय सांगायचं तरी काय? गाळ उपसा असं मी म्हणणार नाही. मिनामातात उपसला, वर्षानुवर्षं खर्चून, आणि खाडीचा एक भाग बुजवून त्यावर बाग केली. तिथे उपसण्यापलीकडे इलाज नव्हता. आपल्याकडे वरून नवा गाळ बसतोय, तिवरं तो धरून ठेवतायत, कागदावर दगड ठेवावा तसं. तो दगड हलवू नका, एवढंच मी म्हणेन. भर टाकताना, चर खणताना, पुलाचे खांब उतरवताना आधी विचारा की खाली कुठलं साल आहे. तरी माझं मलाच पुरतं पटत नाही, कारण तिवराची मुळंच चिखलात हवा सोडतात, आणि हवा लागली की बांधलेली कज्जली सुटू शकते. आणि चिंबोरीला कोण अडवणार?

नाखवा आता नाही. त्याचा नातू टेम्पो चालवतो. आमचं सामान त्याच्याच टेम्पोतून गेलं, भाड्याच्या घरी, दोन गल्ल्या सोडून. खोके मोजून घेताना त्यानं बिस्किटांचा डबा उचलला, हलवला. आत डब्यांचा खुळखुळ आवाज झाला.

"यात काय आहे, मावशी? मसाले?"

"माती आहे."

"माती? कुंडीची?"

"खाडीची. तुझ्या आजोबांनी काढून दिलेली."

त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओला कचरा, सुका कचरा, ई-कचरा, सगळ्याचे डबे आमच्या सोसायटीत आहेत; याला कुठला ते मला दोन दिवस कळलं नव्हतं. परत नेऊन खाडीत ओतावं असं एकदा मनात आलं होतं. पण साठ सेंटीमीटर एकदम ओतले तर कुठला थर कुठे बसेल?

"ठेवू ना पुढे?" त्यानं विचारलं. "मागे टाकला तर फुटेल."

"पुढेच ठेव."

त्यानं डबा आपल्या सीटच्या बाजूला ठेवला, वर गॅसचा रेग्युलेटर गुंडाळलेली चादर ठेवली आणि गाडी चालू केली.